चारी चाकं जमिनीवर

आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणाच्या हाताला ग्रीस लागलं नव्हतं. वडील महसूल खात्यात, काका वकील, आत्या शाळेत मराठी शिकवायची. हैदराबादेत, नल्लकुंट्याच्या आमच्या गल्लीत आम्ही उदगीरकर म्हणजे फायली आणि फाउंटन पेनवाली माणसं. मी डिप्लोमा करून गिअरबॉक्स उघडायला लागलो तेव्हा वडील पाहुण्यांना सांगायचे, "तो इंजिनिअरिंगमध्ये आहे." खोटं नव्हतं, पण मी खोलीत आलो की ते विषय बदलायचे.

विद्यानगरकडून तारनाक्याकडे जाताना एका गोडाऊनच्या मागे माझी शेड होती. चौतीस वर्षं तिथे काढली, मागच्या वर्षी बंद केली. फक्त फोर-बाय-फोर गाड्या घ्यायचो. लोकांना वाटतं, अशा गाड्या डोंगरात, चिखलात चालवून बिघडतात. नाही. माझ्याकडे आलेल्या निम्म्या गाड्या चालवून बिघडल्याच नव्हत्या. त्या ओढून बिघडल्या होत्या.

हे जरा समजावून सांगतो, कारण गिऱ्हाइकांना सांगून सांगून माझं डोकं पिकलं, निदान वाचणाऱ्यांना तरी कळू दे. साध्या गाडीत इंजिनाचा जोर दोन चाकांना मिळतो. फोर-बाय-फोरमध्ये तो चारींना वाटावा लागतो, म्हणून मुख्य गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक लहान पेटी असते. आम्ही तिला ट्रान्सफर म्हणतो. तिच्यातून एक शाफ्ट पुढच्या चाकांकडे जातो, दुसरा मागच्या. इंजिन चालू असलं की आत तेल सगळीकडे फिरतं. गाडी बंद पडली आणि तुम्ही ती चारी चाकं जमिनीवर ठेवून दुसऱ्या गाडीमागे बांधलीत, की चाकं फिरतात, चाकांबरोबर शाफ्ट फिरतात, शाफ्टांबरोबर आतले दाते फिरतात. तेल मात्र तळाशी निवांत बसून राहतं. थोड्याच वेळात आतलं पोलाद तापून निळं पडतं.

यावर उपाय सोपा आहे. काही गाड्यांत ट्रान्सफरला स्वतःचा न्यूट्रल असतो, सीटशेजारच्या लहान दांड्यावर N लिहिलेलं असतं. तो टाकला की चाकांचा आणि गिअरबॉक्सचा संबंध तुटतो, मग सावकाश ओढा. ज्या गाडीत हा N नाही ती ओढायचीच नाही, ट्रकवर चढवायची. एवढंच.

पण ऐकतं कोण? दिलसुखनगरात कोचिंग क्लास चालवणारे एक सर होते. त्यांची नवी गाडी रस्त्यात बंद पडली, क्रेनवाल्याने पुढची दोन चाकं उचलली आणि मागची दोन जमिनीवर घासत माझ्यापर्यंत आणली. चारी चाकं एकत्र जोडणारं फोर-व्हील लॉक तसंच लागलेलं. मी ट्रान्सफर उघडली तर आतून जळक्या तेलाचा भपकारा आला. सर म्हणाले, "पण मी चालवलीच नाही हो! नुसती ओढली!" हे गृहस्थ मुलांना भौतिकशास्त्र शिकवायचे.

अशा मनःस्थितीत मी असताना दामले आले.

अविनाश दामले मूळ पुण्याचे. सॉफ्टवेअरमधल्या नोकरीसाठी हैदराबादेत आले, इथेच निवृत्त झाले. पांढरा शर्ट, गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा, हातात इंटरनेटवरून छापून आणलेल्या कागदांची फाइल. शेडच्या दारात त्यांची फोर-बाय-फोर जीप उभी, आणि तिच्यामागे एक भली मोठी क्रीम रंगाची बस. बसच्या खिडक्यांना पडदे.

"ही बस नाही," दामले म्हणाले. "मोटरहोम आहे. जुन्या स्टाफ बसचं रीतसर घर करून घेतलंय. मला ही जीप हिच्यामागे कायमची जोडून हवी आहे. चारी चाकं जमिनीवर. अमेरिकेत सगळे असंच फिरतात."

"आपल्याकडे चालत नाही," मी म्हणालो. "बंद पडलेली गाडी ओढता येते. चांगली चालणारी गाडी दुसरीमागे बांधून रस्त्यावर न्यायला परवानगी नाही."

"ते मी बघतो."

"तुम्ही बघा, पण मी बांधणार नाही."

"साहेब, मी सत्तावीस वर्षं सिस्टिम्समध्ये काढलीत. मला मॅन्युअल वाचता येतं."

जहांगीरभाई बाजूला वेल्डिंग करत होते. शेड सुरू केली तेव्हापासून माझ्याबरोबर असलेला माणूस. त्यांनी तोंडावरची ढाल वर केली, दामल्यांकडे पाहिलं आणि मला हळूच म्हणाले, "साब, इनकू नक्को छेडो. पढे-लिक्खे हैं."

आमची अर्धा तास वादावादी झाली. तेवढ्यात बसचं दार उघडलं आणि एक बाई पायरीवर आल्या. कृश, पण चेहऱ्यावर हसू. त्यांनी मला आत बोलावलं. या सुनंदाबाई, दामल्यांच्या पत्नी. आत दोन बिछाने, छोटा ओटा, आणि मागच्या बाजूला स्वच्छ, ऐसपैस बाथरूम.

"हे सगळं त्या बाथरूमसाठी आहे," त्या सरळच म्हणाल्या. "मला आतड्याचं दुखणं आहे. केव्हा जावं लागेल सांगता येत नाही. चार वर्षं मी घराबाहेर तासाभराच्या वर राहिलेले नाही. लग्नं नाहीत, बारशी नाहीत. माझी धाकटी बहीण बीदरला असते, एवढी जवळ, पण तिचं घर मी चार वर्षं पाहिलेलं नाही. यांनी हे घर बांधलं ते माझ्यासाठी. पण एवढं धूड गल्लीबोळात जात नाही, म्हणून जीप बरोबर लागते." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ते हट्टी आहेत, मला माहीत आहे. पण त्यांच्यावर रागावू नका."

मी रागावलेलाच होतो, पण नकार देता आला नाही. मधला मार्ग काढला. बसला मल्लेश नावाचा पन्नाशीचा अनुभवी ड्रायव्हर होता. तो बस चालवेल, दामले मागून जीप चालवत येतील. जीप कधी वाटेत बंद पडलीच, तर तेवढ्यापुरती ओढता यावी म्हणून मी पुढच्या बाजूला चासीला पक्के हुक लावून देईन आणि लोखंडी आकडीची जोडणी करून देईन, दोर नाही. जीप ऑटोमॅटिक गिअरची, पण तिच्या ट्रान्सफरला N होता, हे दामल्यांचं नशीब.

जहांगीरभाईंनी काम असं केलं की बघत राहावं. बसच्या मागे आणि जीपच्या पुढे जाडजूड हुक, मध्ये इंग्रजी ए अक्षरासारखा दांडा, दोन्ही टोकांना पोलादी पिना. मग मी शेडच्या अंगणात नवरा-बायकोला शिकवायला उभा राहिलो. आधी हँडब्रेक ओढा. दांडा जोडा. ट्रान्सफर N मध्ये टाका. मोठा गिअर D मध्ये, म्हणजे पुढे जायच्या जागी टाकून बघा, गाडी हलता कामा नये, म्हणजे N नीट बसला. मग मोठा गिअर पार्कमध्ये. किल्ली अशी ठेवा की स्टिअरिंग लॉक होणार नाही. शेवटी हँडब्रेक सोडा. आणि पोचल्यावर पिन काढायच्या आधी पहिल्यांदा हँडब्रेक.

सुनंदाबाई एकेक पायरी म्हणून बघत होत्या. दामल्यांना मध्येच फोन आला, ते बोलत लांब गेले, परत आले आणि म्हणाले, "गिअर पार्कमध्ये आहे ना? मग हँडब्रेक कशाला?"

सकाळपासून त्यांचा तो पंधरावा प्रश्न असेल. चौदांची उत्तरं मी दिली होती आणि त्यांतल्या बारांवर त्यांनी फाइल काढून वाद घातला होता.

"करा म्हटलं की करा," मी म्हणालो.

ते गप्प झाले. मला बरं वाटलं. खरं सांगतो, विजय मिळाल्यासारखं वाटलं.

महिनाभराने सकाळी अकराच्या सुमारास दामल्यांचा फोन. ते बीदरला निघाले होते. जहीराबाद ओलांडल्यावर जीपचं पाणी उकळून बॉनेटमधून वाफ यायला लागली. मी दोन-चार प्रश्न विचारले, पाण्याचा पंप गेलेला दिसत होता. म्हटलं, "जीप तिथेच सोडा, ट्रक मागवा."

"ट्रकवाला संध्याकाळ सांगतोय. इथे सावली नाही. सुनंदाला सकाळपासून त्रास होतोय. बीदर तीस किलोमीटर आहे फक्त. ओढतो."

"मग ती बाईंसकट बस पुढे जाऊ दे."

"आणि मी रस्त्यात एकटा बसू? तिला काही झालं तर?"

त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच फाइल नव्हती, काळजी होती. म्हटलं ठीक आहे, मी सांगतो तसं करा. इंजिन थंड होऊ द्या. मग फोनवरून एकेक पायरी सुरू झाली, आणि माझं रक्त आटायला लागलं.

"N टाकला?"

"टाकला."

"खात्री केली?"

"दिसतोय ना N!"

"दिसण्यावर जाऊ नका. पाच सेकंद इंजिन चालू करा, D मध्ये टाका."

थोड्या वेळाने, "टाकला. जीप हलत नाही. अगदी घट्ट आहे."

घट्ट हा शब्द तेव्हाच माझ्या कानाला खटकायला हवा होता. मी पुढे गेलो. किल्ली, स्टिअरिंग, हँडब्रेक सोडणं. मल्लेशला फोन द्यायला लावला आणि त्याला बजावलं, "नेम्मदिगा, अन्ना, सावकाश. सायकलवाला पुढे गेला तरी चालेल." मल्लेश म्हणाला, "सरे सार." त्याने वाद घातला नाही, म्हणून तो शहाणा.

फोन परत दामल्यांकडे आला. मी म्हणालो, "पोचल्यावर पिन काढायच्या आधी हँडब्रेक."

"उदगीरकर, पार्कमध्ये आहे ती!"

"असू दे. ओढा."

"बरं, बरं." फोन बंद.

मी हात धुतले, नवा पंप मागवला आणि ओळखीच्या माणसाचा गाड्या वाहणारा ट्रक सांगितला. जहांगीरभाई म्हणाले, "आप कायकू जारे साब? फोन पे सब बोल दिए ना."

"बोल दिया. सुनता नई वो आदमी."

तीन वाजता आम्ही बीदरच्या वेशीवर होतो. मल्लेशला फोन लावला. त्याने उचलला आणि नुसतं "सार, सार" करत राहिला. शेवटी हॉस्पिटलचं नाव सांगितलं.

झालं ते असं. तीस किलोमीटर जीप नीट आली. सुनंदाबाईंच्या बहिणीचं घर एका चढावरच्या गल्लीत. बस आत वळेना, म्हणून मल्लेशने ती चढावरच थांबवली. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले. बहीण गल्लीच्या तोंडाशी उभी राहून हात हलवत होती आणि सुनंदाबाई खिडकीतून रडत-हसत होत्या. दामले घाईघाईने उतरले. जीप जोडलेली असताना बस मागे घेता येईना, म्हणून रस्ता मोकळा करायला ते जीप सोडवायला गेले. पिन निघेना. निघणार कशी? अख्खी जीप तिच्यावर लटकलेली होती. घट्ट बसलेली पिन हेच सांगत असते, की बाबा, या गाडीला माझ्याशिवाय कुणी धरलेलं नाही. दामल्यांनी रस्त्यावरचा दगड उचलला आणि पिन ठोकून बाहेर काढली.

पार्क म्हणजे काय, तर गिअरबॉक्समधला एक दाता, तो शाफ्टला अडवून धरतो. पण ट्रान्सफर N मध्ये असली की त्या शाफ्टचा आणि चाकांचा संबंधच राहत नाही. पार्क आपल्या जागी इमानदारीने अडवत बसतो आणि चाकं मोकळी फिरतात. अशा गाडीला धरून ठेवणारी एकच गोष्ट असते, हँडब्रेक.

जीप उलटी निघाली. सुनंदाबाईंनी आतून किंकाळी फोडली, "अहो, हँडब्रेक!" दामले धावले. एकसष्ट वर्षांचा माणूस धावत्या जीपचं दार उघडून आत चढायला गेला. त्या उघड्या दाराने त्यांना खाली पाडलं आणि पुढचं चाक उजव्या पायावरून गेलं. मागच्या रांगेतला पहिला रिक्षावाला हुशार, त्याने रिक्षा बाजूला काढली. जीप बांधकामाच्या विटांच्या ढिगात घुसून थांबली. तिथे घटकाभरापूर्वी दोन बायका भाजीवाल्याशी घासाघीस करत होत्या, असं मल्लेशने मला तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी तो बसच्या पायरीवर बसला आणि त्याने डोळे पुसले.

हॉस्पिटलच्या आवारात मोटरहोम उभं होतं, कारण सुनंदाबाईंना ते सोडून लांब जाता येत नव्हतं. त्या आणि त्यांची बहीण व्हरांड्यातल्या बाकावर एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या. चार वर्षांनी झालेली भेट ती अशी. मला पाहून सुनंदाबाई उठल्या. त्यांनी आतल्या दाराकडे बोट केलं.

मी वाटभर वाक्यं तयार केली होती. दोनदा सांगितलं होतं. एकदा तोंडावर, एकदा फोनवर. सत्तावीस वर्षं सिस्टिम्समध्ये काढलीत ना? ही सगळी वाक्यं घेऊन मी आत गेलो.

दामल्यांचा चेहरा मेणासारखा झाला होता. पायाची दोन्ही हाडं मोडली होती, ऑपरेशन संध्याकाळी होतं. गळ्यातला चष्मा कुणीतरी काढून उशीशी ठेवला होता.

"D मध्ये हलली नाही," ते म्हणाले. "म्हणून मला वाटलं, घट्ट धरलेली आहे."

मी उशीशी पडलेल्या चष्म्याची दोरी सरळ केली.

"मी दोनदा विचारलं होतं, उदगीरकर. कशाला म्हणून." आवाजात तक्रार नव्हती. मला तक्रार चालली असती.

माझी वाक्यं तशीच राहिली. "विश्रांती घ्या" असं काहीतरी पुटपुटून बाहेर आलो.

जीप ट्रकवर चढवून आम्ही परत निघालो. हैदराबादच्या वाटेवरचं सदाशिवपेठ गाव आलं आणि मला राहवेना. "जहांगीरभाई, मैं बोला था ना? आपके सामने बोला था."

जहांगीरभाई खिडकीबाहेर बघत होते. "बोले साब. डाँट के बोले. समझाए नई."

मला त्यांचा राग आला. मी म्हणालो, रोज दहा माणसं येतात, प्रत्येकाला किती समजवायचं? डॉक्टर गोळी देतो तेव्हा कोण विचारतं आत काय होतं म्हणून? जहांगीरभाई म्हणाले, "हौ साब." हैदराबादेत या हौचा अर्थ होकारच असेल असं नाही.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये जीपची ट्रान्सफर उघडली. तेल मधासारखं स्वच्छ. एकाही दात्याला डाग नाही, कुठे निळेपणा नाही. एखादी गाडी ओढावी तर अशी, माझ्या धंद्याच्या हिशेबाने नमुना म्हणून दाखवावी अशी. इतकी वर्षं मी याच गोष्टीसाठी लोकांवर ओरडत होतो, की पेटी वाचवा. पेटी वाचली होती. पंप बदलला, विटांनी खरवडलेला मागचा पत्रा जहांगीरभाईंनी सरळ केला, पण ट्रान्सफरचं झाकण मी लावलं नाही. का, ते तेव्हा मला धड सांगता आलं नसतं.

त्या दिवसांत एक गिऱ्हाईक येऊन म्हणालं, "गाडी ओढून आणू का?" नेहमीसारखं खेकसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटून हातातला पाना पुसायला लागलो. शेवटी जहांगीरभाईंनी त्याच्याशी बोलून घेतलं.

तीन महिन्यांनी दामले आले. दोन्ही हातांत काठ्या, पायात सळई. मल्लेशने त्यांना रिक्षातून धरून उतरवलं. सुनंदाबाईंचा निरोप होता की त्या बऱ्या आहेत, बहीण इथेच राहायला आली आहे. मी लाकडी स्टूल पुढे केलं. दामल्यांच्या हातात या वेळी फाइल नव्हती.

ते जीपकडे बघत म्हणाले, "नेण्याआधी एक विचारायचं होतं. आता तरी सांगाल का?"

मी हातदिव्याचा प्रकाश पेटीवर धरला आणि स्टूल जवळ ओढायला सांगितलं. त्यांचा हात धरून एक बोट आतल्या शाफ्टवर ठेवलं. "हा इंजिनाकडून येतो. पार्क याला अडवतो. फिरवून बघा."

त्यांनी जोर लावला. "हलत नाही."

"आता हा दुसरा. हा चाकांकडे जातो, चाकं सध्या यापासून सोडवून ठेवलीत. आणि ही मधली कडी दोघांना जोडते. मी N टाकतो, बघा." मी दांडा हलवला. कडी सरकली. "आता चाकांकडचा फिरवा."

त्यांनी नुसतं बोट टेकवलं. शाफ्ट अलगद फिरला. त्यांनी परत फिरवला. मग पहिल्या शाफ्टवर हात ठेवला, तो पक्का होता. दुसऱ्यावर ठेवला, तो फिरला. असं तीन-चार वेळा केलं. तेलाने माखलेला हात तसाच पुढे धरून ते म्हणाले, "एवढंच?"

"एवढंच," मी म्हणालो.

जहांगीरभाईंनी त्यांना पुसायला फडकं दिलं. मी सहज भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नव्हती.